खालच्या खाचराचं दार

फत्तेसिंगरावांचं भात रस्त्याला लागून होतं, हेच नडलं. बन्नूरहून म्हैसूरला जाणाऱ्या बसच्या खिडकीतून कुणीही बघावं आणि म्हणावं, हे सवारकोप्पलच्या अध्यक्षांचं शेत. आत कुठं तरी ओढ्याकाठी असतं तर पिवळं पडलं काय आणि हिरवं राहिलं काय, कोण बघायला येणार होतं? पण गौरी-गणपती होऊन गेले आणि रस्त्याकडची पात पिवळट दिसू लागली, तेव्हा फत्तेसिंगरावांना ताटावर बसवेना.

सवारकोप्पल म्हणजे राजाच्या घोडेस्वारांची वाडी. कधीकाळी जमीन मिळाली, घोडे गेले, मिशा राहिल्या. घरात मराठी बोलायचं, चिडलं की कन्नड यायचं, आणि लावणीच्या दिवसांत दोन्ही भाषा एकाच चिखलात. वाडीच्या खाली ओढा, ओढ्याला एक डोह, आणि डोहाच्या पुढं कावेरी. डोहातले मासे देवाचे. त्यांना कुणी गळ लावत नसे. लेक बाळंतपणाला आली, घरात कुणी गेलं, नवीन सून आली, की त्या घरच्या बाईनं जाऊन मूठभर चुरमुरे डोहात टाकायचे. मासे वर येऊन खाऊन गेले म्हणजे झालं, वर कळलं.

दोन उन्हाळे हा डोह हिरवा पडला होता. वरच्या शेतांतला युरिया ओढ्यात उतरतो, त्यावर शेवाळ माजतं, आणि शेवाळ पाण्यातली हवा खाऊन टाकतं, असं नदीच्या कचेरीतून आलेल्या चैत्रानं देवळात बसून सगळ्यांना समजावलं होतं. चैत्रा म्हैसुरातल्या जुन्या मराठी घरातली मुलगी. तिचं मराठी अडखळत यायचं, मधेच कन्नडात शिरायचं, पण सांगायचं ते नीट सांगायची. ओढ्यात किती खत उतरलेलं चालेल याची एक हद्द ठरवायची, आणि ती पाळायची.

हद्द ठरवायच्या बैठकीत सगळ्यांत मोठा आवाज पाणीवाटप संघाचे अध्यक्ष म्हणून फत्तेसिंगरावांचा होता. वरखत मापातच टाकायचं, टाकल्यावर पाणी मुरेपर्यंत खाचराचं दार, म्हणजे बांधातली पाणी सोडायची वाट, मोडायचं नाही, आणि ओढ्याला लागून ज्याचं दार आहे तिथं चैत्रानं पाणी तपासायचं. पाणी हद्दीबाहेर निघालं तर त्या दाराच्या मालकाची नाल्याची, म्हणजे कालव्याच्या पाण्याची, पुढची पाळी बंद. ही शिक्षासुद्धा त्यांनीच सुचवली होती.

तेव्हा अंबाजीराव उठले होते. खाचराला वाडीत गद्दे म्हणत. "आपल्यात पाणी एका गद्द्यातनं दुसऱ्या गद्द्यात जातंय की. मग शेवटच्याच्या अंगावर सगळ्यांचं येईल न्हवं?"

"जो तो आपलं दार धरील तर कुणाच्या अंगावर काय येतंय?" फत्तेसिंगराव म्हणाले. "माझ्या खाली आमच्या गोदावरीवहिनीचं खाचर हाय. माझ्या भावजयीला मी तोंडघशी पाडीन व्हय?"

लोकांनी मान डोलावली. गोदावरीबाईसुद्धा बायकांच्या घोळक्यातून कौतुकानं बघत होत्या. त्या फत्तेसिंगरावांच्या थोरल्या चुलतभावाची बायको. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओढ्याकाठचं ते एवढंसं खाचर त्या स्वतः कसत, आणि त्यावरच त्यांचं वर्षाचं भात निघे.

तर पात पिवळी पडली. मापाचं खत टाकून झालं होतं, तरी फत्तेसिंगराव पुन्हा युरियाचं पोतं उचलून बांधावर आले. मागून कांचन, त्यांची बायको, घमेलं घेऊन आली.

"परवाच टाकलाय की," ती म्हणाली.

"ते लागलंच न्हाई. बघतीस न्हवं, कसं दिसतंय? काविळीच्या माणसागत."

"जरा ऊन पडू दे, आपसूक हिरवं होईल. तुमीच माप ठरवलंय, तुमीच..."

"माप लोकांसाठी ठरवलंय. ज्यांना कळत न्हाई त्यांच्यासाठी. तू भर."

कांचननं भरलं. तिनं नाही म्हणायला हवं होतं, असं तिला पुढं अनेकदा वाटलं. पण नवरा गुडघाभर पाण्यात उतरलेला, हात पुढं केलेला, आणि घमेलं आपल्या कमरेवर. अशा वेळी बाईच्या हातून घमेलं पुढंच जातं. फत्तेसिंगराव ओंजळीनं पांढरे दाणे फेकत चालले. खांद्यापासून हात फिरवून फेकायची त्यांची धाटणी देखणी होती. दाणे पाण्यावर सर्रकन पडत आणि विरून जात. तळहाताच्या भेगांत युरिया शिरून चरचरत होता, तरी ते शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि पोतं झटकून आले.

दुसऱ्या दिवशी वाडी येलवालला बारशाला गेली. ट्रॅक्टर भरून बायका गेल्या, कांचनही गेली. गोदावरीबाई लेकीकडे, सौम्याकडे, म्हैसूरला गेल्या होत्या. सौम्याला दिवस गेले होते. फत्तेसिंगरावांचा गुडघा दुखत होता म्हणून ते घरी राहिले. खरं तर गुडघ्याचं तेवढं काही नव्हतं, त्यांना त्या ट्रॅक्टरमध्ये दाटीवाटीनं बसायचं नव्हतं.

जेवण करून ते आडवे झाले आणि आभाळ फाटलं. पाऊस असा की अंगणातली तुळस दिसेना. फत्तेसिंगराव डोक्यावर पोतं घेऊन, खोरं उचलून शेताकडं पळाले. दुखरा गुडघा आता पळत होता. जाऊन बघतात तर खाचर काठोकाठ भरलेलं, पाणी बांधावरून सांडायच्या बेतात, आणि मधला बांध एका जागी फुगलेला. तो फुटला असता तर उरलेला हंगाम माती ओढण्यात गेला असता.

ते तिथं उभे राहिले. अंगावरून पाण्याचे ओघळ वाहत होते. दार मोडायचं नाही, हा नियम. पण नियम करताना असला पाऊस कुणाच्या डोक्यात होता? मापाचंच खत असतं तर त्यांनी एवढासुद्धा विचार केला नसता. सरळ बैठकीत येऊन सांगितलं असतं, बांध जात होता, मोडलं दार. आता त्या पाण्यात काय आहे ते त्यांना एकट्याला माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांनी आधी रस्त्याकडं बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

खोऱ्याचे घाव घातले आणि दार मोडलं. पाणी गरजत खाली गोदावरीबाईंच्या खाचरात घुसलं. त्यांच्या ओढ्याकडच्या दाराला चिखल आणि पेंढ्याचा बोळा होता, बाईमाणसानं जेवढा रेटून बसवावा तेवढा. तो थोडा वेळ थरथरला आणि निघून गेला. पाणी ओढ्यात पडलं. फत्तेसिंगराव वरून बघत राहिले. खाली जाऊन ते दार धरावं असं त्यांना वाटलं, आणि ते गेले नाहीत. बांधाचा फुगवटा उतरल्यावर त्यांनी आपलं दार पुन्हा धरलं. चिखलाची ढेकळं रचली, पायानं दाबली, वरून मुळासकट उपटलेलं गवत लावलं आणि हातानं सारवल्यासारखं गुळगुळीत केलं. एवढं नीट दार त्यांनी उभ्या जन्मात धरलं नव्हतं.

गोदावरीबाई सकाळच्या बसनं आल्या आणि पिशवी दारात टाकून आधी शेतावर गेल्या. फुटलेलं दार बघितलं. मग पदर खोचून ते धरायला लागल्या. कांचन वरच्या बांधावरून उतरून मदतीला गेली.

"माझंच ध्यान न्हाई गं कांचन," त्या म्हणत होत्या. "लेकीकडं जायच्या घाईत सुम्ने, उगाच आपली, दोन ढेकळं लावली आन् पळाले. वरचं भावजीचं दार बघ, कसं दगडासारखं हाय. मी हात मारून बघितलं. त्याला म्हणावं दार धरणं."

कांचननं त्या दाराकडं बघितलं. वरचं गवत ताजं, अजून कोमेजलेलंसुद्धा नव्हतं. आणि ती चिखल उचलून देत राहिली.

दुपारी चैत्रा आली. ठरलेलाच दिवस होता. दार बंद होतं, पण फुटलेल्या दाराखाली ओढ्याच्या कडेला डबकं साचलं होतं, त्यातलं पाणी तिनं काचेच्या नळीत घेतलं. औषधाचे थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं, मग लाल, मग जांभळट. हद्दीचा रंग कुठच्या कुठं मागं राहिला. गोदावरीबाई नळीकडं बघत उभ्या होत्या, दवाखान्यात नाडी बघून घेणाऱ्या माणसासारख्या.

अध्यक्ष म्हणून फत्तेसिंगरावांना बोलावणं गेलं. ते आले.

"मामा, हे खूप जास्ती आहे," चैत्रा म्हणाली. "मला मराठी चूक झालं तर सांगा हं. हे फक्त या अज्जींच्या गद्देचं पाणी, का वरचं पण आलं? छोट्या गद्देचं असेल तर डोह सांभाळून घेईल. वरचं सगळं आलं असेल तर मी आत्ता फोन करते. नाल्याचं चांगलं पाणी ओढ्यात सोडायला सांगते, दोन दिवस. डोह धुऊन निघेल. पण मग सगळ्यांची पाळी मागे जाते. म्हणून विचारते."

प्रश्न सरळ होता. उत्तर द्यायला फत्तेसिंगरावांना वेळही होता. वर त्यांचं दार गुळगुळीत दिसत होतं. शेजारी वहिनी उभ्या होत्या, कोपरापर्यंत चिखल वाळलेला. वहिनींनीच मान खाली घालून म्हटलं, "माझंच दार फुटलंय गं पोरी. भावजीचं शाबूत हाय."

"तेवढंच," फत्तेसिंगराव म्हणाले. "खालचंच पाणी."

चैत्रानं फोन पिशवीत ठेवला.

संध्याकाळी देवळापुढं बैठक झाली. शिक्षा फत्तेसिंगरावांनाच बोलून दाखवावी लागली. त्यांनी ती खाली बघत बोलून दाखवली. अंबाजीराव म्हणाले, "बाईमाणूस हाय, सोडा की एकदा." त्यावर दुसरा कुणी तरी म्हणाला, "घरच्या माणसाला सोडलं तर उद्या आमाला कोण धरणार?" आणि लोक अध्यक्षांकडं बघू लागले. अध्यक्ष घरच्या माणसालाही सोडत नाहीत, हे बघून त्यांना बरं वाटत होतं. गोदावरीबाई उठून हात जोडून म्हणाल्या, "चुकले मी. पाळी नको मला." एवढ्या माणसांपुढं त्या जन्मात पहिल्यांदाच बोलल्या असतील. बोलताना पदर सारखा डोक्यावरून घसरत होता आणि त्या तो सारखा ओढत होत्या.

पुढं पाऊस फिरकलाच नाही. नाल्याची पाळी आली. फत्तेसिंगरावांच्या शेतात पाणी खळखळलं आणि त्यांच्या दारापाशी थांबलं. खाली गोदावरीबाईंचं खाचर आटत गेलं. आधी चिखल घट्ट झाला, मग त्याला भेगा पडल्या. पोटरीला आलेलं भात दुपारी पाती गुंडाळून उभं राही. गोदावरीबाई सकाळ-संध्याकाळ ओढ्यातून घागरी भरून बुंध्याशी ओतत. घागरींनी भात पिकत नाही हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

फत्तेसिंगरावांचं भात मात्र काळंभोर झालं. बसमधून उतरलेला माणूस थांबून विचारी, "एनु हाकिदिरी यजमानरे?" काय घातलंत म्हणून. फत्तेसिंगराव हसल्यासारखं करीत. हल्ली ते खालच्या बांधाकडं जात नसत. वहिनींची घागर काठाला लागल्याचा आवाज आला की उठून गोठ्यात जात. तिथं म्हशीला उगाच पेंढा पुढं ओढत. माणूस स्वतःला किती गोष्टी समजावू शकतो! एक पाळी तर आहे, निघून जाईल. सुगीला आपल्यातली पोती वहिनीच्या घरी टाकू. कुणाला कळायचं कारण नाही.

"पोत्यांनी काय होणार?" कांचन एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. त्यांनी मनातलं मोठ्यानं बोलून दाखवलं होतं की काय, त्यांनाच कळेना. "त्या रोज चुरमुरे घेऊन डोहावर जात्यात. माफी मागायला. मासे वर येत न्हाईत म्हणून रडत येत्यात. तुमी सांगणार हाय का न्हाई?"

"तू का न्हाई सांगितलंस मग?"

कांचनचा हात परातीत थांबला. "मी पण तुमच्यातलीच," ती म्हणाली. "घमेलं माझ्याच कमरेवर होतं."

त्या रात्री दोघंही नीट जेवली नाहीत.

मग तीन-चार दिवस आभाळ भरून राहिलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसती उमस. डोह पालकाच्या भाजीसारखा हिरवा झाला होता. अशाच एका सकाळी रघु धावत आला. रघु डोहाच्या खाली, कावेरीच्या तोंडाशी गोल टोपलीसारखी नाव, हरगोल, घालून मासे धरायचा. लहानपणापासून याच वाडीत वाढला, म्हणून मराठी त्याला यायचं.

"यजमानरे, बेगा या, लवकर या," तो म्हणाला. "देवाचे मासे तोंड वर काढून उभे राह्यलेत."

सगळी वाडी डोहावर गेली. पाण्यावर नुसती तोंडं होती. मोठमोठे मासे, पिढ्यान्‌पिढ्यांचे चुरमुरे खाल्लेले, अंग पाण्यात लोंबतं ठेवून तोंड हवेत उघडत होते आणि मिटत होते. त्याचा बारीक आवाज येत होता. काही उलटे होऊन पांढरी पोटं दाखवत काठाला लागले होते. रघु छातीभर पाण्यात उतरून एकेकाला दोन्ही हातांनी धरून पाण्यात पुढं-मागं करत होता. सोडला की मासा पुन्हा कलंडायचा. फत्तेसिंगराव धोतरासकट पाण्यात शिरले. एक मासा त्यांनी उराशी धरला. त्याचे कल्ले त्यांच्या मनगटाशी उघडत होते, मिटत होते. मग मिटायचे राहिले.

चैत्रा आली तोवर ऊन वर आलं होतं. नाल्याचं पाणी सोडायला तिनं फोन केला, पण ते येईपर्यंत काठ मेलेल्या माशांनी भरून गेला होता. रघुनं आणि इतरांनी मासे पोत्यांत भरले. पोती युरियाचीच होती, वाडीत दुसरी कुठली असणार?

"एवढ्याशा गद्देनं हे कसं झालं?" चैत्रा स्वतःशीच म्हणाली.

काठावर गोदावरीबाई बसल्या होत्या. मुठीतले चुरमुरे ओले होऊन बोटांना चिकटले होते. "सौम्याचं लेकरू पोटात हाय," त्या कुणालाच उद्देशून नाही अशा बोलत होत्या. "माझं पाप तिच्या लेकराला नको लागू दे गं आई."

हे ऐकलं आणि फत्तेसिंगरावांच्यानं राहवलं नाही. ते पाण्यातून वर आले. अंगाला माशांचे खवले चिकटलेले.

"पाप वहिनीचं न्हवं," ते मोठ्यानं म्हणाले. "माझं हाय. मी दोनदा युरिया टाकला. पावसात दार मी मोडलं. माझ्या पाण्यानं त्यांचं दार फुटलं. मी खोटं बोललो."

रघु पोत्याचं तोंड बांधता बांधता थांबला. फत्तेसिंगरावांना वाटलं, आता कुणी तरी शिवी देईल, अंगावर येईल. त्यांना ते हवंच होतं.

पहिले अंबाजीराव पुढं आले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी फत्तेसिंगरावांच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. "साकु, फत्तेसिंगराव, साकु," पुरे झालं, ते म्हणाले. "बघा रे. अध्यक्ष म्हणत्यात ते असं. विधवा भावजयीचा दोष सोताच्या डोस्क्यावर घेतोय हा माणूस."

"न्हाई हो! खरंच मी..."

"खरं हाय ते," कांचन पुढं येऊन म्हणाली. "मीच घमेलं भरून दिलं."

"ह्याला म्हणतात जोडा," मागून एक म्हातारी म्हणाली, आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

फत्तेसिंगरावांनी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. एकाही तोंडावर राग नव्हता. एकटी चैत्रा हसत नव्हती आणि रडतही नव्हती. ती त्यांच्याकडं टक लावून बघत होती. "मामा," ती हळू म्हणाली, "त्या दिवशी मी विचारलं होतं." तिनं रिकामी नळी पिशवीत टाकली आणि ती ओढ्याकडं वळली.

गोदावरीबाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. "भावजी, माझ्यासाठी खोटं बोलू नका," त्या म्हणाल्या. "तुमचं दार मी या हातानं चाचपून बघितलंय. कुठं मोडलं होतं ते?"

"मोडून परत धरलं मी, वहिनी. तुमी बघायच्या आधी. माझ्या आईची शपथ."

"आईला कशाला मधे आणता?" त्या कळवळून म्हणाल्या. "माझा दादला गेला तवापासनं मला कुणीबी एवढं आपलं म्हटलं न्हाई."

आणि त्या वाकल्या. थोरली भावजय, नात्यानं मोठी, वयानं मोठी, धाकट्या दिराच्या पायांशी वाकली. फत्तेसिंगराव घाईघाईनं मागं सरले, तर मागं पाणी. "वहिनी, नको, अहो नको," म्हणून त्यांनी हात पुढं केले, आणि हाताला माशाचा वास होता म्हणून त्यांना धरवेना. लोकांनी हात जोडले होते. गोदावरीबाईंनी त्यांच्या चिखलानं भरलेल्या पावलांवर डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.